डाव्या सीटवरचा दुपट्टा

मंडळी, या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि दर वेळी वाचून हसतोय, हे आधीच सांगून टाकतो. माझा धंदाच तसा आहे. मी मोटर इन्शुरन्सचा सर्वेयर. म्हणजे गाडी ठोकली की जाऊन पाहणारा, फोटो काढणारा आणि मालक जी काही गोष्ट रचेल ती तोंड सरळ ठेवून ऐकणारा. सगळा वाशिम जिल्हा माझ्याकडे आहे, इकडे रिठदपासून तिकडे मानोऱ्यापर्यंत. "साहेब, रोही आडवा आला" (रोही म्हणजे नीलगाय) हे मी इतक्यांदा ऐकलंय, की खरंच तेवढे रोही असते तर आमच्या भागात हरभऱ्याचा एक घाटा शिल्लक राहिला नसता. "पांढऱ्या साडीतली बाई रस्त्यात उभी होती" हेही ऐकलंय. अशा वेळी मी एवढंच विचारतो, की दारूचा वास तिला येत होता की तुम्हाला.

शिवाय आमचं घर बौद्ध. आबाने, म्हणजे माझ्या आजोबाने, धम्म घेतला तेव्हा घरातले देव नाल्यात सोडले आणि त्यांच्यासोबत अंगारे-धुपारे, उतारे, लिंबू-मिरची सगळंच वाहून गेलं. आमच्याकडे नवीन गाडी आली तरी चाकाखाली लिंबू ठेवत नाहीत. तर असा मी माणूस... आणि आज तुम्हाला जे सांगणार आहे ते मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, तर त्याचा क्लेम मी जागच्या जागी नामंजूर केला असता.

ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातली, भर सकाळची, कोवळ्या उन्हातली. ठिकाण अनसिंग. गावाच्या कडेला कापसातून सरकी काढणारी एक बंद पडलेली जिनिंग आहे. तिच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक मोटार कित्येक वर्षं उभी होती. साधीसुधी नव्हे — फ्रान्समध्ये बनलेली. ज्या कंपनीने ती बनवली ती कधीच बुडाली, आणि तशा गाड्या जगातच मोजक्या उरल्यात म्हणतात. लांबच लांब बोनेट, दोनच दरवाजे, मागे दोन माणसं जेमतेम मावतील एवढी सीट, आणि गर्द हिरवा रंग. कंपनीचं नाव गावात कोणालाच धड उच्चारता आलं नाही, म्हणून सगळे तिला 'फ्रान्सवाली' म्हणत. कोण्या संस्थानिकाकडून ती जिनिंगच्या शेटजींकडे कशी आली याच्या तीन-चार कथा आहेत, एकमेकींशी न जुळणाऱ्या. मी त्यात पडत नाही.

तिची एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिच्यावरच आहे. गाडी परदेशी, त्यामुळे तिचं स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो ना, तिथे हिच्यात नुसती रिकामी सीट.

ही गाडी माझा आबा चालवायचा. त्याच्या आधीच्या ड्रायव्हरला डावीकडून चालवणं जमेना, त्याने पहिल्याच आठवड्यात ती कापसाच्या बैलबंडीत घातली. आबा लष्करी ट्रकवर काम करून आलेला, त्याला जमलं. शेटजींच्या घरी त्याला उंबऱ्याच्या आत कधी चहा मिळाला नाही. पण गाडीत शेटजी त्याच्या शेजारच्या सीटवर बसत. आत्या म्हणते, त्या दोन दरवाज्यांच्या आत तिचा बाप कोणापेक्षा कमी नव्हता.

आता ही आत्या. शेवंता आत्या, माझ्या वडिलांची मोठी बहीण. आज पंचाहत्तरीच्या आसपास असेल, पण आवाज असा की शेताच्या या बांध-धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरच्या माणसाला शिवी पोचावी. तिचं लग्न ठरलं तेव्हा आबाने शेटजींकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं — पोरीला सासरी घालवायला एक दिवस गाडी. सासर लांब नव्हतं, नाल्यापलीकडचं खेडं. पण आमच्या वस्तीतली नवरी फ्रान्सवालीत बसून अख्ख्या गावातून जाणार! शेटजी हो म्हणाले. आबाने पोरीला सांगितलं, "तुले गाडीतच नेतो, शब्द हाय माया."

आणि इथेच आमच्या लोकांनी घात केला. लग्नाच्या सकाळी गाडी वस्तीत आली. शेटजीची गाडी, आपल्या वस्तीतून परत जाताना तिच्यावर धुळीचा कण दिसायला नको, म्हणून सगळी वस्ती बादल्या घेऊन तिच्यावर तुटून पडली. आबा तिकडे पाहुण्यांत गुंतलेला. बाहेरून गाडी धुतली, आतून पुसली. तेवढ्याने मन भरेना, म्हणून कोणीतरी बोनेट उघडलं, आणि आत काळंकुट्ट दिसतंय म्हणून इंजिनवरही चांगल्या भरभरून बादल्या ओतल्या. माझे वडील तेव्हा लहान होते. तेही आपला तांब्या घेऊन त्यात होते म्हणे. व्हायचं तेच झालं. गाडी चालू होईना. आमच्या रीतीप्रमाणे पांढऱ्या लुगड्यातली नवरी मागच्या सीटवर बसून राहिली आणि आबा हँडल मारून मारून घामाघूम झाला. शेवटी आत्या उतरली आणि बैलगाडीतून सासरी गेली. आबा नाल्यापर्यंत बैलगाडीच्या बाजूने चालत गेला, आणि तिथे म्हणाला, "एक दिवस नेतो तुले."

दुसऱ्या दिवशी उन्हात वाळलेली गाडी एका झटक्यात चालू झाली. पण पुन्हा मागायला आबा काही शेटजींकडे गेला नाही. पुढे थोड्याच वर्षांत आबा वारला. मी त्याला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. शेटजी गेले, जिनिंग बंद पडली, आणि फ्रान्सवालीवर ताडपत्री आली ती आलीच.

आमच्याकडे एक रीत आहे. नवरी घेऊन जी गाडी येते, तिच्या ड्रायव्हरला नवरदेवाकडचे लोक दारातच दुपट्टा घालतात, नारळ देतात. त्या दिवशी आबासाठी आणलेला दुपट्टा बैलगाडीवाल्याच्या गळ्यात पडला. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणतो — किसन मामा, बारीक, टोमणे मारण्यात पटाईत. त्याने पुढची पन्नासेक वर्षं हा एकच टोमणा जपून वापरला. भाजीत मीठ कमी पडलं, म्हैस दूध देईना, काहीही होवो, मामा म्हणणार, "तुया बापाचा दुपट्टा अजून बाकी हाय मायाकडे." आणि आत्या म्हणणार, "ठेव धुऊन. येईन थो घ्याले."

आता हिवाळ्यातल्या त्या सकाळकडे येतो. शेटजींच्या नातवाने गाडी पुण्याच्या एका शौकिनाला विकली होती. ती ट्रेलरवर चढवून पुण्याला न्यायची, तेवढ्या प्रवासाचा विमा उतरवला होता, आणि चढवण्याआधी गाडीची तपासणी करायला कंपनीने नेमकं मलाच पाठवलं. मी आत्याला फोन करून सांगितलं, की तुझी फ्रान्सवाली चालली बरं का. पलीकडे एकदम शांतता. आत्या फोनवर शांत झाली हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाली, "मिलिंद, मले एकदा बसाले भेटन काय रे तिच्यात? एकदा ती गेली, का गेली मंग." मी म्हणालो, ये तू.

पुण्याहून साठे नावाचे मेकॅनिक आले होते, जुन्या गाड्यांचे तज्ज्ञ. माणूस शिस्तीचा, पण मनाने मऊ. त्यांनी आदल्या दिवशीच गाडीचं सगळं नाजूक सामान काढून पेटीत भरलं होतं. बॅटरी तर मुळातच नव्हती. दोन्ही कार्बोरेटर काढलेले. पेट्रोलची टाकी कोरडी ठक्क. आणि सगळ्यात महत्त्वाचं — इंजिनची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लोखंडी दांडा, ज्याला आम्ही प्रोपेलर शाफ्ट म्हणतो, तोही काढून पेटीत ठेवलेला. म्हणजे समजा चमत्कार होऊन इंजिन चालू झालंच, तरी चाकं फिरणं शक्य नव्हतं. मी स्वतः गाडीखाली पाठीवर पडून हे पाहिलं, फोटो काढले. डाव्या बाजूचा, म्हणजे ड्रायव्हरचा दरवाजा गंजून पक्का जाम झाला होता. तिघांनी जोर लावूनही हलला नाही. आत-बाहेर करायला फक्त उजवा दरवाजा.

आत्या आली ती बघण्यासारखी. पांढरं स्वच्छ लुगडं, डोक्यावरून पदर, केसांत शेवंतीचं फूल. मामा मागून, हातात कापडी पिशवी. आत्या गाडीभोवती एक फेरी मारून आली, बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "बारीक झाली गं."

साठेंना मी आधी सगळं सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, "गाडी शेडमधून गेटबाहेर रस्त्यापर्यंत ढकलत न्यायचीच आहे, ट्रेलर तिकडे हायवेला उभा आहे. तेवढं अंतर काकूंना आत बसू द्या. फक्त कशाला हात लावू नका." आत्याने चपला बाहेर काढल्या. मामानेही काढल्या, कुरकुरत. उजवी सीट पुढे करून दोघं मागे बसले — आत्या डाव्या सीटच्या मागे, मामा उजव्या सीटच्या मागे. दोघांवर लक्ष ठेवायला म्हणून मी पुढे बसलो. अर्थात उजवीकडे. डावी सीट, स्टिअरिंगची, रिकामी. साठे गाडीच्या डाव्या बाजूने चालणार होते, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरून. मागून ढकलायला जिनिंगचा वॉचमन आणि गावातले पाच-सात जण, जे असं काही असलं की न बोलावता हजर असतातच.

आत्याने डॅशबोर्डकडे पाहिलं. सुंदर लाकूड दिसतं ते, रेषा-बिषा सगळ्या. ती मामाला म्हणाली, "थे लाकूड नोहे बरं. पत्र्यावर रंग मारला हाय कोनी, ब्रश घेऊन. बा सांगे." मामा म्हणाला, "तुया बापाले सगळं ठाऊक, फकत इंजिनात पानी नाई टाकाचं हे वस्तीले सांगाचं राह्यलं." आत्या खळखळून हसली. आणि ढकलणाऱ्यांनी जोर लावला.

गेटपर्यंत सगळं बरोबर होतं. टायर कुरकुर करत होते, साठे "हळू, हळू" म्हणत होते. गेटमधून बाहेर पडल्यावर उजवीकडे वळायचं होतं, हायवेकडे. साठेंनी स्टिअरिंग उजवीकडे वळवायला घेतलं... आणि ते डावीकडे वळलं.

साठेंचा हात त्याच्यावर होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा हात असा बाजूला झाला, की जणू कोणी हळूच सारला. पुढच्या क्षणी सीटखालून एक बारीक थरथर आली. मग आवाज. मंडळी, मी रोज गाड्या ऐकतो. हा मोठ्या इंजिनचा, खोल, भरलेला आवाज होता, सकाळी पोटभर जेवून निघालेल्या माणसाचा असावा तसा. ढकलणारे मागे राहिले. आरशात ते दिसत होते — रस्त्यात उभे, हात तसेच पुढे केलेले, आणि मग एकदम सगळे नाचायला लागले. त्यांना वाटलं, मी गाडी चालू केली!

मी काय केलं? खरं सांगतो, मी ओरडलोसुद्धा नाही. तोंड उघडं राहिलं आणि डोळे डावीकडे. स्टिअरिंग फिरत होतं, रस्ता वळेल तसं, सावकाश, सराईत. नजर सीटवर नेली, तर सीट रिकामी. हँडब्रेक डाव्या टोकाला, माझा हात तिथवर पोचेना. आणि पोचला असता तरी मी त्या सीटच्या पुढून हात घातला नसता. कोणी बसलेलं असताना आपण असा हात घालतो का? हा विचार माझ्या मनात अगदी साधेपणाने आला, आणि तो आला याचंच मला नंतर जास्त आश्चर्य वाटलं. भीती मात्र वाटली नाही. लहानपणी बापाच्या सायकलच्या दांड्यावर बसल्यावर वाटते का भीती? तसंच.

गाडी गावाच्या मधून निघाली. चहाच्या हॉटेलावरची माणसं कप हातात घेऊन रस्त्यावर आली. दळण घेऊन निघालेल्या बाया थांबल्या. आणि सगळे कोणाकडे बघून हात हलवत होते? माझ्याकडे! कारण मी उजवीकडे बसलो होतो. आपल्या लोकांच्या डोळ्यांना सवयच ती, उजवीकडे दिसला तो ड्रायव्हर. "मिलिंदभाऊ, एक नंबर!" कोणीतरी ओरडलं. वस्तीजवळून जाताना "जयभीम साहेब!" आलं. मी नुसताच मान हलवत होतो, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

गावाबाहेर उतार लागला आणि गाडीने जरा वेग घेतला. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला, अगदी रोजचा:

"बा, हळू."

आणि गाडी हळू झाली.

मामाने माझा खांदा मागून घट्ट धरला होता. टोमणा एकही नाही. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच असेल. मी वळून आत्याकडे पाहिलं. ती समोर डाव्या सीटच्या वरच्या कडेकडे पाहत होती, मान थोडी वाकडी करून, आणि गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. इतका आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी बायकोच्या चेहऱ्यावरही नाही, हे बायको वाचणार आहे तरी लिहितो.

नाल्यावरच्या रपट्याआधी, म्हणजे बुटक्या पुलाआधी, वळण आहे. तिथे हॉर्न वाजला — एक लांब, दोन तोकडे. बॅटरी नसलेल्या गाडीचा हॉर्न. आत्या म्हणाली, "इथं वाजवेच बा. म्हशी राह्यत ना नाल्यात." रपटा ओलांडला की समोर चांगलाच चढ आहे, भरलेला ट्रॅक्टर तिथे घुरघुरतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर अनेकांनी मला 'उतारावरून घरंगळली असेल' असं समजावलं. घरंगळलेली गाडी चढ चढत नाही, एवढं तर सर्वेयरला कळतं. आत्या म्हणाली, "आता जाऊ दे, बा," आणि फ्रान्सवाली तो चढ गाणं म्हणत चढावा तशी चढली. दोन्ही बाजूंना हरभरा, तुरीची वाळलेली झाडं, आणि वर निळं स्वच्छ आकाश. मी काच खाली केली. वारा आत आला. मला एकदम मोठ्याने हसू आलं, आणि मी हसलो. मामाही हसायला लागला. आम्ही तिघं, छे, आम्ही चौघं म्हणा, तसे हसत खेड्यात शिरलो.

गाडी आत्याच्या दारासमोर थांबली. बरोबर दारासमोर, अंगणाच्या कडेला, जिथे नवरीची गाडी थांबते. इंजिनाचा आवाज हळूच बसला आणि मग सगळं शांत. कोंबड्यांचा आवाज तेवढा.

आत्याची सून रेखा धावत बाहेर आली. गाडी चढ चढताना तिने गच्चीवरून मोबाईलवर शूटिंग केलं होतं. तिला काय सुचलं कोण जाणे, ती घरात पळाली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी उतरून सीट पुढे केली. आत्या अनवाणीच उतरली — चपला जिनिंगमध्ये राहिलेल्या — आणि सुनेने तिच्या पायांवर पाणी टाकलं. नव्या नवरीच्या टाकतात तसं सासूच्या पायांवर सून पाणी टाकतेय, घरात ये म्हणून! आजूबाजूच्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

मग मामा उतरला. कापडी पिशवीतून त्याने नवाकोरा दुपट्टा काढला, घडीसुद्धा न मोडलेला, आणि एक नारळ. तो सकाळी टोमण्यासाठीच आणला होता त्याने, स्टिअरिंगवर टाकून आत्याला चिडवणार होता. आता शेजारपाजारचे म्हणाले, "मामा, ड्रायव्हरले घाला ना," आणि मला पुढे ढकललं. मामाही त्या गडबडीत. त्याने दुपट्टा माझ्या गळ्यात टाकला.

आत्या पुढे आली. तिने तो माझ्या गळ्यातून काढला, उजव्या दरवाज्यातून आत वाकली आणि डाव्या सीटच्या पाठीवर नीट पसरून ठेवला. दोन्ही टोकं सारखी केली. नारळ मात्र रेखाच्या हातात दिला, "चटनीले घे," म्हणून.

मागून साठे कोणाच्या तरी मोटरसायकलवर आले. आधी ते गाडीखाली वाकून पाहत राहिले. शाफ्ट नव्हताच, रस्ता नुसता दिसत होता. मग बोनेटवर हात ठेवला आणि काढून घेतला. गरम होतं. "तुम्ही कशी काय चालवलीत?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "साठे, मी उजवीकडे बसलो होतो." त्यांनी बोनेटवरून काढलेला हात पँटला पुसला. मग म्हणाले, "पाणी मिळेल का थोडं?" आत्याने त्यांना पाणी दिलं आणि जेवायलाच बसवलं — पातोड्यांचा रस्सा, भाकरी आणि वरून गोड शिरा. पुण्याच्या त्या माणसाने नाकातून पाणी वाहत असताना तीन वेळा रस्सा मागून घेतला आणि गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही.

ट्रेलर मग खेड्यातच आणावा लागला. निघण्याआधी मी सवयीने सगळं पुन्हा तपासलं. सामानाची पेटी ट्रेलरवर, खिळे ठोकलेली, जशीच्या तशी. साठेंनी दोन्ही खिडक्यांच्या काचा वर ओढून टेप लावला. उजवा दरवाजा बंद करून त्यावर मी सील चिकटवलं. वरून कव्हर, कव्हरवर दोरी, दोरीच्या गाठीवर पुन्हा माझंच सील. दुपट्टा आत डाव्या सीटवर होता, मी पाहिला. साठे म्हणाले, "राहू दे. मालकांना सांगतो मी काहीतरी."

रेखाचा व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, फिरला होता बराच. त्यात गाडी चढ चढताना दिसते, मी उजवीकडे तोंड वासून बसलेला दिसतो, आणि पुढच्या काचेच्या डाव्या अर्ध्यावर नेमकं ऊन चमकतंय. काही म्हणजे काही दिसत नाही. खाली शंभर लोकांनी लिहिलंय, 'भाऊ काय स्टाईल आहे, स्टिअरिंगला हातच नाही.' ऑफिसातून मला विचारणाही झाली, की तपासणीला दिलेली गाडी चालवायची परवानगी तुम्हाला कोणी दिली! मी लिहून दिलं, की वाहन मी चालवलेलं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य, आणि एका माणसाने विश्वास ठेवला नाही. इतकी वर्षं लोक माझ्यासमोर बसून जे तोंड करायचे, ते आता मी करतो.

आठवड्याने साठेंचा फोन आला. आवाज दबका. गाडी पुण्यात उतरवली होती. दोरीवरचं सील शाबूत, दरवाज्यावरचं शाबूत, खिडक्यांचा टेप जसाच्या तसा, डावा दरवाजा अजूनही जाम. "मिलिंदराव, तो दुपट्टा तुम्ही काढून घेतला होता का? आत नाहीये. सीटखाली पाहिलं, मागे पाहिलं. सगळी गाडी पाहिली."

मी त्याच संध्याकाळी आत्याकडे गेलो. दोघं अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी सगळं सांगितलं. मला याचं काहीही स्पष्टीकरण देता येत नाही, तेव्हाही आलं नाही, आणि इथे लिहिताना पुन्हा डोकं लावून पाहिलं तरी येत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा. फक्त उताराचं सांगू नका.

मामाचा शेंगा सोलणारा हात थांबला. मग अगदी खरं दुःख झाल्यासारखा म्हणाला, "पाह्य मिलिंद, आता मायाजवळ बोलाले काईच नाई राह्यलं. भांडन झालं तं काय काढू मी?"

मी आत्याला विचारलं, "पण आत्या, दुपट्टा गेला कुठे?"

तिने हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की एवढा शिकला-सवरला आणि हे विचारतो.

"कुठी जाईन? आहेर घातला त्याले, थो घेऊन गेला. दिलेला आहेर कोनी सीटवर सोडून जाते काय?"